कोरलाईनच्या पन्नास पेट्या आणि ते हजार बूट

गिव्हअवे म्हटलं की हल्ली सगळं ठरलेलंच असतं, पेज फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, स्टोरी टाका, आणि एवढं करून ज्याचं नाव निघेल त्याला मिळणार काय तर दोन तिकिटं नि एक पॉपकॉर्नचा डबा. पोरांच्या भुताखेतांच्या ॲनिमेशन पिक्चरचं असेल तर वर अंधारात चमकणारा एक स्टिकर. झालं.

म्हणून मला 'कोरलाईन' या २००९ च्या ॲनिमेशन पिक्चरचं प्रमोशन अजून भारी वाटतं. आम्ही राहतो ओरेगनमध्ये, हिल्सबरोला, आणि तो बनवणारा लाइका स्टुडिओ पण इथलाच, तेव्हा थोडं गावाचं कौतुक आहे हे धरून चाला :) तर त्यांनी काय केलं, पन्नास पेट्या हाताने बनवल्या, एकीसारखी दुसरी नाही, आत पिक्चरसाठी केलेल्या खऱ्याखुऱ्या वस्तू ठेवल्या आणि त्या पन्नास ब्लॉगर लोकांना पाठवून दिल्या. हा पिक्चर खऱ्या छोट्या बाहुल्या थोड्या थोड्या हलवून काढलेला, त्यात कोरलाईन नावाच्या मुलीच्या बाहुलीचा चांदण्यांचा स्वेटर आहे ना, तो खरंच विणलेला आहे, अल्थिया क्रोम नावाच्या बाईने, केसाएवढ्या बारीक सुयांवर! माझ्या आजीने बघितला असता तर आधी चष्मा पुसला असता आणि मग टाके मोजत बसली असती. असं काम करणारी माणसं जाहिरातीत पण हात आखडता घेत नाहीत.

बुटांची गंमत तर वेगळीच. लाइकाचे मालक फिल नाइट म्हणजे नायकी या बूट कंपनीचे एक संस्थापक, त्यामुळे कोरलाईनचे खास डंक बूट (नायकीचं एक मॉडेल) निघाले, फक्त हजार जोड, तेही दुकानात नाहीत, स्पर्धेत जिंकायचे. आणि त्या स्पर्धेत भाग घ्यायचा पासवर्ड कुठे तर पिक्चर संपून सगळी नावं वर सरकून गेली की अगदी शेवटी पडद्यावर, 'जर्कवॉड'! म्हणजे जो लाइट लागायच्या आधी पोरांना ओढत पार्किंगकडे पळाला तो गेला.

बाकी पिक्चर भीतीदायक आहे हां, बटणाचे डोळे शिवायची गोष्ट आहे ती, ॲनिमेशन आहे म्हणून चार वर्षांच्या पोराला नेऊन बसवू नका, रात्रभर तुम्हालाच जागावं लागेल.

आणि 'नो पर्चेस नेसेसरी', म्हणजे काही विकत घ्यायची गरज नाही, ही ओळ इथल्या प्रत्येक गिव्हअवेखाली असते ती काय मोठेपणा म्हणून नाही, बक्षीस, नशीब आणि पैसे तिन्ही एकत्र आले की कायद्याने ती लॉटरी होते, आणि खासगी कंपनीला लॉटरी चालवता येत नाही, म्हणून फुकट भाग घ्यायची सोय ठेवावीच लागते.

पुण्याचा भाचा दर हॅलोविनला मागे लागतो, मावशी माझं पण नाव टाक ना. अरे बाबा, फॉर्मवर लिहिलेलं असतं, अमेरिकेत राहणारे आणि अठरा पूर्ण. शिवाय लागलेल्या बक्षिसावर इथे टॅक्स लागतो. हे सांगितलं तर म्हणतो, मग टॅक्स तू भर, बक्षीस मला पाठव.