एकाच दिवशी दोनदा भेटलेली सुरावट

लंडनमध्ये व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खालच्या सुरांचे वाद्य, वाजवून चरितार्थ चालवणाऱ्या माणसाला एका दिवसात दोन ठिकाणी हजेरी लावावी लागते, त्यात नवल काही नाही. मात्र दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातील एका शनिवारी सकाळी आणि संध्याकाळी माझ्यापुढे एकच सुरावट आली, आणि ती कोणत्या लयीत वाजवायची हे मला संध्याकाळी नव्याने शिकावे लागले.

सकाळची तालीम सतराव्या शतकातील इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेल यांनी नाटकासाठी रचलेल्या संगीताची होती. ॲफ्रा बेन यांचे ‘ॲब्डेलाझर’ हे नाटक १६७६ मध्ये रंगभूमीवर आले होते. १६९५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा पर्सेल यांनी त्यासाठी तंतुवाद्यांचे संगीत लिहिले आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. त्यातला रोंदो, म्हणजे मुख्य सुरावट पुन्हा पुन्हा परतून येणारा तुकडा, आज सर्वांच्या परिचयाचा आहे, कारण विसाव्या शतकातील संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी ऑर्केस्ट्रातील वाद्यांची ओळख करून देणारी आपली रचना त्यावर उभारली. त्याच संचातल्या हॉर्नपाइपकडे, म्हणजे एका जुन्या इंग्लिश नृत्यप्रकारातल्या तुकड्याकडे, मात्र फारसे कोणी वळून पाहत नाही. हा हॉर्नपाइप पुढे खलाशांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नाचाचा नव्हे. याच्या एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका खंडात, तीन ठोके असतात आणि प्रत्येक ठोक्याचे दोन भाग पडतात. लहानपणापासून दादरा ऐकलेला माझा कान सहा मात्रा तीन-तीन अशा मोजू पाहतो, पण येथे त्या दोन-दोन-दोन अशाच मोजाव्या लागतात. आम्ही तो चपळ लयीत वाजवला. व्हायोलाचा भाग मधला असल्यामुळे माझे लक्ष सुरावटीवर नव्हते. वरच्या व्हायोलिनला खालून आधार देण्यातच ते गुंतले होते.

संध्याकाळी एका गावच्या सभागृहात लोकनृत्याची बैठक होती. तेथील नेहमीचे व्हायोलिनवादक आजारी पडल्यामुळे मला ऐन वेळी बोलावले होते. सोबतीला बासरी आणि पियानो होते. पुढ्यात आलेल्या कागदावर फक्त एक ओळ होती आणि वर नाव होते ‘होल इन द वॉल’. दुसऱ्या बारपर्यंत पोहोचले आणि बोटांनीच मला सांगितले की हा सकाळचाच हॉर्नपाइप आहे. साहजिकच मी सकाळच्या लयीत वाजवू लागले, आणि समोरासमोरच्या दोन रांगांत उभ्या असलेल्या जोड्यांची पहिल्याच फेरीत दमछाक झाली.

नृत्याच्या हालचाली पुकारणाऱ्या बाईंनी हात वर करून आम्हाला थांबवले. त्या रागावल्या नाहीत. “व्हायोलिन ठेवा आणि एकदा माझ्याबरोबर चालून पाहा,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही पहिली जोडी झालो. दोघींनी बाहेरच्या बाजूला वळून दुसऱ्या जोडीला वळसा घालायचा, खाली भेटायचे आणि मधल्या वाटेने पुन्हा जागेवर यायचे; त्यासाठी चार बार, म्हणजे बरोबर बारा पावले मिळतात. चपळ लयीत ती वाट धावत कापावी लागते. संथ लयीत मात्र वळसा पूर्ण होतो आणि समोरच्या माणसाकडे पाहायला सवड मिळते. लय पर्सेलच्या कागदावरून नव्हे, तर या बारा पावलांवरून ठरते, हे मला त्या लाकडी जमिनीवर चालताना कळले.

मध्यंतरात मी बाईंना सकाळची हकीकत सांगितली. ही सुरावट पर्सेलची आहे हे त्यांना ठाऊक होतेच. ती नृत्यात आली ती अशी: प्रकाशक जॉन प्लेफर्ड यांनी १६५१ मध्ये १०५ नृत्यांचे एक पुस्तक काढले. ‘द डान्सिंग मास्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकाच्या सुमारे १७२८ पर्यंत अठरा आवृत्त्या निघाल्या. या पुस्तकांची रीत ठरलेली होती: वर एकट्या व्हायोलिनला पुरेल एवढी सुरावट आणि खाली पावलांच्या सूचना. पर्सेल यांच्या पत्नी फ्रान्सिस यांनी १६९७ मध्ये पतीच्या नाटकांतील संगीत छापून आणले, आणि १६९८ मध्ये प्लेफर्डपुत्र हेन्री यांच्या नृत्यपुस्तकात हीच सुरावट ‘होल इन द वॉल’ म्हणून दिसते. रचनेचे खालचे तिन्ही भाग नृत्याच्या पानावर आलेच नाहीत. मधल्या भागाची वादक म्हणून मला त्याची हळहळ वाटली. तरी ती एकच ओळ कोणत्याही खेडेगावातल्या एकट्या वादकाला पुरेशी होती, हेही मला मान्य करावे लागले.

शेवटच्या फेरीसाठी बाईंनी तोच नाच पुन्हा पुकारला. मी पेटीतून व्हायोला काढला, सकाळच्या तालमीचा कागद पियानोला टेकवला आणि सुरावट बासरीकडे सोपवली. मी पर्सेलचा मधला भाग वाजवला, पण बाईंच्या पावलांच्या लयीत. पहिली जोडी वळसा घालून मधल्या वाटेने वर येत होती आणि बासरीच्या खाली व्हायोलाचे सूर तिच्याबरोबरच चालत होते. पियानोवादकाने एकदा मान वळवून माझ्या कागदाकडे पाहिले, आणि पुढच्या फेरीपासून त्याचा डावा हातही मूळ रचनेतला खर्ज वाजवू लागला.