आमची वाटचाल: अँबेसेडरच्या टॅपेटपासून ड्रॅगच्या एस्टीमपर्यंत

दुकान टाकलं तेव्हा आम्ही फक्त हेडचं, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाचं, काम करायचो आणि आजही तेच करतो. नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गर्दीत भाड्याचं टिनाचं शेड, एक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग मशीन, बाकी सगळं हाताने. मोठा भाऊ मशीनवर अन् मी फिटिंगवर. गाड्या म्हणजे अँबेसेडर, पद्मिनी, जीप, मारुती 800. अँबेसेडरच्या 1489 सीसी इंजिनवर ज्याचा हात बसला त्याला टॅपेट, म्हणजे रॉकर अन् व्हॉल्व्हमधला गॅप लावणं, परत शिकवावं लागत नाही, पुशरॉड नावाची सळई खालून रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणारा तराजूसारखा हात) उचलते, रॉकरच्या त्याच टोकाला स्क्रू अन् लॉकनट, गॅप पंधरा थाउ (इंचाचे हजारावे भाग), आणि कोणता व्हॉल्व्ह कधी सेट करायचा त्याला नऊचा हिशोब, म्हणजे आठवा पूर्ण दाबलेला असला की पहिला घ्या, सातवा दाबलेला की दुसरा, बेरीज नऊ आली पाहिजे.

धंदा खरा उभा राहिला तो गॅस किटवर. ऑम्नी, 800, सगळ्यांनी एलपीजी बसवून घेतलं अन् गाड्या आमच्याकडे यायला लागल्या, कारण कोरड्या गॅसवर एक्झॉस्टची सीट खाल्ली जाते, व्हॉल्व्ह आत बसत जातो, त्याची दांडी रॉकरकडे वर येते आणि गॅप कमी कमी होत शून्यावर जातो. गाडी आवाज करत नाही म्हणून मालक खूश, अन् तिकडे व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाहीये, जळून राहिला आहे. वाजणाऱ्या टॅपेटची भीती नाही भाऊ, अचानक गप्प झालेल्या टॅपेटची आहे, हे आम्ही गिऱ्हाइकाला किती वेळा सांगितलं असेल!

मग मारुतीच्या एस्टीम आणि जिप्सीवाली पोरं आली. दिवसा ऑफिस नाहीतर कॉलेज, आणि जिथे परवानगी घेऊन रनवेवर 402 मीटरची ड्रॅग, म्हणजे सरळ रेषेतली रेस, होते तिथे तीच गाडी घेऊन जायची. (रस्त्यावर रेस करणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही, वर्धा रोड असो की समृद्धी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.) यांची मागणी एकच, काका कॅम (रॉकर हलवून व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) मोठा टाका, इंजिन 7000 आरपीएमपर्यंत फिरलं पाहिजे. आणि लगेच दुसरं वाक्य, रॉकर बाहेरून रोलरवाले मागवू का?

इथेच आमच्या दुकानाचं मत वेगळं पडलं आणि त्याच मतावर पुढची सगळी वाटचाल झाली. या गाड्यांच्या 1298 सीसीच्या 8 व्हॉल्व्ह इंजिनात कंपनीनेच शाफ्टवर बसणारे अ‍ॅडजस्टेबल रॉकर दिलेत, व्हॉल्व्हच्या टोकाला स्क्रू अन् लॉकनट, दुसऱ्या टोकाचा पॅड सरळ कॅमवर घासतो. रोज चालवायची अन् महिन्या-दोन महिन्यांतून ड्रॅगला न्यायची अशा गाडीला हे रॉकर पुरतात, पण कपाटातून काढले अन् बसवले असं चालत नाही. रॉकर सहसा तुटत नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं बिघडलेलं असतं. शाफ्टवर खाच पडलेली, स्क्रूचं टोक चपटं झालेलं, पॅडवर जुन्या कॅमची लाइन बसलेली. त्या जुन्या पॅडवर नवा कॅम चालवला की नवा कॅम गेला म्हणून समजा.

एकाने दुसरीकडून पॅड वेल्डने भरून आणले होते, दिसायला एकदम चकाचक. कानस फिरवली तर लागली! पॅडच्या कडकपणावर कानस घसरली पाहिजे, पकडली की मटेरियल मऊ आहे, ते कॅमसकट खराब होणार. तो सेट आम्ही बसवला नाही, पोराला राग आला, पण तो नंतर स्टॉक सेट शोधून घेऊन आला.

आता कॅम ग्राइंड करतात म्हणजे काय करतात ते सांगतो कारण अर्धा घोळ तिथे आहे. कॅमच्या नाकावर, म्हणजे उंचवट्यावर, मटेरियल वाढवत नाहीत, खालचा गोल भाग घासून लहान करतात, म्हणजे नाक आपोआप उंच पडतं अन् लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडतो ती उंची, वाढते. पण त्यामुळे रॉकरचा पॅड खाली बसतो, व्हॉल्व्हकडचं टोक वर जातं, आणि गॅप भरायला स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो. जास्त बाहेर निघालेला स्क्रू तिरका पडतो, व्हॉल्व्हच्या मधोमध न दाबता कडेला दाबतो, अन् गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) एका बाजूने खाल्लं जातं. आम्ही काय करतो, व्हॉल्व्हच्या टोकाला काळं मार्कर लावतो, स्क्रू सेट करून इंजिन हाताने चार-सहा चक्कर फिरवतो आणि रॉकर उचलून बघतो. काळ्यात एक चमकणारी बारीक पट्टी उमटते. मधोमध अन् अरुंद आली तर ठीक, कडेला सरकली किंवा रुंद झाली तर परत खोला, व्हॉल्व्हची उंची बघा, नाहीतर एवढा घासलेला कॅम वापरूच नका. गिऱ्हाइकाला पण तीच पट्टी दाखवतो, बोलायची गरज पडत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर स्प्रिंगवर करा. वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगतो तो रॉकर स्टॉक आहे म्हणून नाही, स्प्रिंग त्याला कॅमच्या मागे वेळेवर परत आणू शकत नाही म्हणून. पण कडक स्प्रिंग म्हणून ट्रकची टाकायची नाही, पॅड अन् कॅम दोन्ही खाऊन टाकते. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेढ्यांत मिळून दीड मिलीमीटर तरी जागा उरली पाहिजे, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) व्हॉल्व्हच्या ऑइल सीलला टेकता कामा नये, आणि पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले लावून इंटेकला 2, एक्झॉस्टला अडीच मिलीमीटर जागा मोजल्याशिवाय आम्ही गाडी स्टार्ट करत नाही.

कंपनीचेच रॉकर वापरायचे ही काही आमची नवीन अक्कल नाही, अमेरिकेत हेच चालतं. क्रायस्लरने 1964 ला 273 व्ही8 काढलं त्यात शाफ्टवरचे अ‍ॅडजस्टेबल रॉकर होते, नंतरच्या हायड्रॉलिक टॅपेटवाल्या (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरणाऱ्या) 318 मध्ये अ‍ॅडजस्टमेंटच नाही, तर ड्रॅगवाले जुन्या 273 चे रॉकर काढून 318, 340 वर बसवायचे. त्यात लॉकनट नसतो, स्क्रूची आटीच टाइट असते, सहज फिरला तर स्क्रू बदला, आणि पुशरॉडही वाटीच्या तोंडाची लागते. तिकडच्या ज्ञानातून आम्ही एवढंच घेतलं की भंगारातला चांगला रॉकर ओळखता आला पाहिजे.

नागपूरची एक वेगळीच अडचण. मॅन्युअलमधला कोल्ड गॅप, म्हणजे थंड इंजिनाचा, 15 ते 25 डिग्रीचा असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम हेड गरम झालं की गॅप वाढतो. मे महिन्यात आमच्या टिनाखाली दुपारी इंजिन न चालवताच 45 च्या पुढे असतं, कोल्ड कशाला म्हणायचं? म्हणून उन्हाळ्यात टॅपेट पहाटे, रात्रभर उभ्या गाडीवर, आणि तेव्हाही 25 मिळत नाही म्हणून छापील आकड्याची वरची बाजू धरतो.

आता वाडीतली जागा मोठी आहे, कॅमचं ग्राइंडिंग हिंगण्याच्या एमआयडीसीतून करून घेतो, भाचा हाताखाली तयार होऊन राहिला आहे. मारुतीच्या नव्या के सिरीजच्या इंजिनात रॉकर नाहीच, व्हॉल्व्हवर बसणारे वाटीसारखे बकेट टॅपेट जाडी बघून बदलायचे, त्यामुळे नव्या मेकॅनिक पोरांच्या हातात गॅप मोजायचा फिलर गेज क्वचितच दिसतो. गिऱ्हाइकांना विनंती एवढीच, नुसते रॉकर पिशवीत टाकून पाठवू नका. हेड, शाफ्ट, कॅम सगळं एकत्र पाठवा, आणि कोणता रॉकर कोणत्या नंबरवर होता ते मार्करने लिहून ठेवा, पॅड अन् कॅमची जोडी एकदा बदलली की आम्हाला परत जुळवता येत नाही. नवा कॅम असेल तर गाडी इथेच स्टार्ट करू, पहिली 20 मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास, 20डब्ल्यू50 ऑइलवर, आयडलवर सोडायची नाही. तेवढा वेळ काढून या, मग घाई करत उभे राहू नका.