काचेबाहेरची आई

आमची मुलगी ३२व्या आठवड्यात जन्मली तेव्हा तिचे वजन १,४२० ग्रॅम होते, आणि फोन करणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला आम्ही एकच वाक्य सांगत होतो: बाळ काचेत ठेवले आहे. सासूबाईंच्या मावशींनी हलक्या आवाजात विचारले, सातमाशी की आठमाशी? सातमाशी मूल जगते आणि आठमाशी दगावते, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. ती खरी नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा फुप्फुसांना, आतड्यांना आणि मेंदूला बळच देत असतो, हे बालरोगतज्ज्ञांनी मला त्याच संध्याकाळी समजावले आणि त्या रात्री मला त्याचा फार मोठा आधार झाला.

तिचा पहिला प्रश्न श्वासाचा होता. श्वास सोडताना फुप्फुसातील वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाच्या द्रव्याचा पातळ थर असतो, आणि दिवस भरण्याआधी आलेल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच कारणाने जन्मानंतर ३९ तासांत गेला. त्याचे वजन दोन किलोंहून अधिक होते, पण तेव्हा यावर औषधच नव्हते. आमच्या मुलीला ते औषध श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून पहिल्याच दिवशी मिळाले. पुढे तीन दिवस ती सीपॅपवर, म्हणजे नाकातून हलक्या दाबाने हवा देऊन फुप्फुसे उघडी ठेवणाऱ्या यंत्रावर होती. त्यानंतरही ती मधूनच श्वास घ्यायची थांबे, मॉनिटर वाजू लागे, आणि सिस्टर तिच्या तळपायाला बोटाने हलकेच टिचकी मारत. त्यासाठी तिला कॅफीन सुरू होते, आपल्या कॉफीतले तेच कॅफीन.

हे सारे उपचार उत्तम झाले आणि त्या डॉक्टरांविषयी व सिस्टरांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही एक गोष्ट आजही मनाला लागून राहिली आहे. पहिले आठ दिवस मला बाळ फक्त बाहेरून, दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे पाहता आले. जंतुसंसर्गाची भीती हे त्यामागचे कारण होते, आणि ती भीती खोटी नव्हे, कारण एवढ्याशा जिवाला साधा संसर्गही पेलत नाही. परंतु कोपरापर्यंत हात धुऊन, गाऊन घालून जर दिवसभरात कितीतरी माणसे त्या खोलीत जात असतील, तर तेच नियम पाळून आईने का जाऊ नये, याचे पटेल असे उत्तर मला मिळाले नाही. माझे दूध मात्र रोज आत जात होते. पहिला चीक कापसाच्या बोळ्याने तिच्या गालांच्या आतून लावला गेला, मग दर दोन तासांनी दोन मिलिलिटर दूध तोंडातून पोटात घातलेल्या नळीने. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, तोवर बाळाला अंगावर पिता येत नाही. सातव्या दिवशी वजन १,२९० ग्रॅमपर्यंत उतरले. ते उतरणारच असते, हे आधी कोणी सांगितले असते तर मी एवढी रडले नसते.

नवव्या दिवशी नव्याने पाळीवर आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, गाऊन पुढून उघडा आणि खुर्चीत मागे रेलून बसा." टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावरच असलेली माझी मुलगी त्यांनी माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली, मान एका बाजूला वळवली, पाय बेडकासारखे दुमडले आणि वरून सुती कापड घट्ट बांधले. तासाभरात तिच्या श्वासाची लय सावरलेली मॉनिटरवर दिसत होती. त्या दिवसापासून माझे दूधही वाढले.

या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे बाळांना उबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून ती सुरू झाली, आणि त्यामुळे बरीच वर्षे तिच्याकडे गरिबांची सोय म्हणूनच पाहिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांपैकी ज्यांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच छातीशी धरले गेले, त्यांच्यात २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच, बाळाशेजारी मांडली होती. ही खाट म्हणजे उपचारच आहे, आणि नवा विभाग बांधताना व्हेंटिलेटरइतक्याच आग्रहाने तिची जागा आखली जावी असे मला वाटते. ज्या आईला दूध येत नाही तिच्या बाळासाठीही मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली.

एक तपासणी मात्र कोणीही चुकवू नये. डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायलाही दिवस भरावे लागतात, आणि लवकर जन्मलेल्या बाळात त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावे लागतात, बाळ कितीही सुदृढ दिसत असले तरी. आमच्या मुलीच्या तीन तपासण्या झाल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांनी निर्धास्त राहायला सांगितले.

चौतिसाव्या दिवशी १,९०० ग्रॅमची होऊन ती घरी आली. पहिले तीन आठवडे रात्रीची पाळी माझ्या पतींनी घेतली: शर्टाची बटणे उघडून, तिला छातीवर बांधून, वरून माझ्या आईची शाल घेऊन ते आरामखुर्चीत जागे बसत, आणि दुधाची वेळ झाली की मला उठवत.