बेरीज चौदा

आमच्या सोसायटीच्या सभागृहात टेबल टेनिसचा चेंडू कपाटाखाली गेला की खेळ थांबतो आणि झाडूच्या दांड्याने तो बाहेर ओढेपर्यंत गुण हमखास विसरले जातात. परवा मी म्हणालो, सात-सात; शेजारचे काका म्हणाले, आठ-सहा, आणि आठ अर्थातच त्यांचे.

काका २१ गुणांच्या गेमवर वाढलेले आहेत. तेव्हा दर पाच गुणांनी सर्व्हिस बदलत असे, त्यामुळे दोघांच्या गुणांची बेरीज पाचाच्या पाढ्यात आली की चेंडू मुकाट्याने पलीकडे टाकायचा, एवढाच हिशेब होता. तेरा-बारा म्हटले की पंचवीस. विचार करावाच लागत नसे. १ सप्टेंबर २००१ पासून गेम ११ गुणांचा झाला, सर्व्हिस दोन-दोन गुणांनी बदलू लागली आणि पाचाचा पाढा निकामी झाला. आता बेरजेला चाराने भागावे लागते: बाकी शून्य किंवा एक उरली तर ज्याने गेम सुरू केला त्याची सर्व्हिस, दोन किंवा तीन उरली तर समोरच्याची. दहा-दहा झाल्यावर हेही मोडते, कारण तिथून दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत सर्व्हिस प्रत्येक गुणाला बदलते. २१च्या गेममध्ये पहिले चार-पाच गुण हात मोकळा करण्यात घालवण्याची चैन परवडत असे. ११मध्ये तेवढ्यात निम्मा गेम हातचा जातो, आणि माझ्यासारख्या उशिरा जागे होणाऱ्याला ही सुधारणा अजून पचलेली नाही.

बेरजेचा उपयोग एवढाच की हरवलेला गुण तिच्यामुळे सापडतो. एकाने सात-सहा आणि दुसऱ्याने सात-सात म्हटले, तर सर्व्हिस नुकतीच बदलली का, एवढे आठवले तरी वाद मिटतो. पण सात-सात आणि आठ-सहा या दोन्हींची बेरीज चौदाच येते, म्हणजे गुण हरवलेला नसून फक्त कोणाच्या खिशात गेला हे ठरायचे असते, आणि तिथे गणित हात वर करते.

तरीही मला एक फट सापडली. गेम काकांनी सुरू केला होता. चौदाला चाराने भागले की बाकी दोन, म्हणजे सर्व्हिस माझी. गुण सांगताना सर्व्हिस करणाऱ्याचे आधी सांगायचे असतात, तेव्हा काकांचा दावा खरा धरला तरी तो “सहा-आठ” असा उच्चारायला हवा होता. हे मी त्यांना सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चेंडू माझ्याकडे टाकला आणि म्हणाले, “बरं, सहा-आठ. कर सर्व्हिस.”