कोड चालत होता, मग घेतला का नाही?

‘बॅकएंड चालत होता ना? मग एलएलव्हीएममध्ये मर्ज का नाही झाला?’ कॉलेजात बोलायला गेलो की हा प्रश्न येतो, इंटरव्ह्यूला आलेली मुलं मलाच उलट विचारतात, आणि एकदा तर मुंजीच्या पंगतीत शेजारच्या पाटावरून आला. एलएलव्हीएम म्हणजे कंपायलर बनवायचा खुला प्रकल्प, बॅकएंड म्हणजे त्यातला एका ठरावीक चिपसाठी मशीन कोड काढणारा भाग, आणि मर्ज म्हणजे तो प्रकल्पाच्या मूळ कोडमध्ये सामावून घेणं. ‘मोठी भानगड आहे’ म्हणून मी टाळतो. मग विचारणारा मनातल्या मनात दोनांपैकी एक निष्कर्ष काढतो: एकतर आमचा कोड भिकार असणार, नाहीतर तिकडचे लोक आपल्याला उभं करत नसणार. दोन्ही खोटं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कोड चांगला होता. नम्रपणा करत बसत नाही. आमच्या कंपनीच्या छोट्या डीएसपी (सिग्नल प्रोसेसिंगच्या) चिपसाठी तो लिहिला होता आणि ग्राहक त्यावर रोज काम करत होते. पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवतानाही रिस्क-फाइव्ह या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटच्या बॅकएंडचा कित्ता गिरवला: आधी असेम्बलर (लिहिलेल्या इन्स्ट्रक्शनचे बाइट्स करणारा भाग), मग साधी फंक्शनं, मग पुढचं. सगळा डोलारा एकदम कुणाच्या अंगावर टाकला नाही. रिस्क-फाइव्हचे पहिले पॅच 2016 चे, आणि ‘एक्सपेरिमेंटल’चा, म्हणजे अजून पारखणं चालू असल्याचा, शिक्का निघाला 2019 मध्ये, एलएलव्हीएम 9 ला. म्हणजे वेळ लागणार हे मला ठाऊक होतं. ‘क्वार्टरमध्ये होऊन जाईल’ हे मी कधीच म्हणालो नव्हतो, ते आमच्या मॅनेजरांनी परस्पर वर कळवलं.

गाडी अडली ती मॅन्युअलवर. नियम लिहिलेलाच आहे: इन्स्ट्रक्शन सेट (चिपला कळणाऱ्या सूचना) आणि एबीआयचं (फंक्शनांनी एकमेकांना कसं बोलवायचं त्या नियमांचं) दस्तऐवज तरी खुलं हवं, नाहीतर सिम्युलेटर किंवा परवडेल असं हार्डवेअर तरी कुणालाही मिळायला हवं, दोन्ही असेल तर उत्तम. आमचं मॅन्युअल एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही करणाऱ्यालाच मिळायचं, सिम्युलेटर विकतच घ्यावा लागायचा आणि चिप सुटी मिळत नव्हती.

रिव्ह्यू करणाऱ्याने एका कंडिशनल जंपवर (अट पुरी झाली तर दुसरीकडे उडी मारणाऱ्या इन्स्ट्रक्शनवर) बोट ठेवलं. जंपनंतरची इन्स्ट्रक्शन चालवायची की टाकून द्यायची हे त्यातला एक बिट ठरवतो. आमच्या टेबलजेनच्या (एलएलव्हीएममध्ये इन्स्ट्रक्शनांचं वर्णन ज्या भाषेत लिहितात तिच्या) फाइलीत तो बिट शून्य होता. त्याने साधं विचारलं, ‘हा शून्यच का? कुठल्या पानावर आहे?’ मी म्हटलं, टेस्ट पास होतेय की. तो म्हणाला, टेस्टमधले बाइट्स तुमच्याच असेम्बलरने काढलेले आहेत. मुद्दा बिनतोड होता. आपलीच उत्तरपत्रिका समोर ठेवून आपणच पेपर तपासल्यासारखं ते होतं.

मग मी लीगलच्या मागे लागलो. पुष्कळ मनधरणीनंतर एक पीडीएफ हाती आली. एन्कोडिंगच्या (कुठल्या इन्स्ट्रक्शनचे बिट कोणते याच्या) तक्त्यांवर काळ्या पट्ट्या, कारण कसलासा पेटंटचा अर्ज पडून होता. त्या जंपच्या पानावर फक्त शीर्षक आणि पृष्ठक्रमांक वाचता येत होता. आणि गंमत बघा, जे पट्ट्यांखाली झाकलं होतं तेच्या ते माझ्या पॅचमध्ये, बिटागणिक, साऱ्या जगाला दिसेल असं पडलेलं होतं. कोड खुला करायला परवानगी देणाऱ्यांनी टेबलजेनची फाइल उघडूनच पाहिली नव्हती. लीगलला हे सांगितलं असतं तर त्यांनी पट्ट्या काढल्या नसत्या, पॅच मागे घ्यायला लावला असता. मी गप्प बसलो. आजही त्याला चूक म्हणवत नाही. पण रिव्ह्यूवाल्याला ती काळी पीडीएफ पाठवायचीही लाज वाटली, म्हणून काहीच पाठवलं नाही. धागा तिथेच थंडावला. कुणी ‘नाही’ म्हटलं नाही, कुणी नाकारलं नाही.

तेव्हाचा मी घरी येऊन तणतणायचो: फुकटात कोड देतोय, वर पुरावेही आम्हीच द्यायचे? एक्सपेरिमेंटल टार्गेट (एका चिपचा बॅकएंड) तसंही डिफॉल्ट बिल्डमध्ये नसतं, मोडलं तर दुरुस्त आम्हालाच करायचं, त्यांचं काय जातं? आता स्वतः रिव्ह्यू करतो तेव्हा कळतं काय जातं. सामायिक कोडमध्ये बदल करणाऱ्याला प्रत्येक टार्गेट ओलांडून जावं लागतं, आणि ज्याचं मॅन्युअल वाचता येत नाही त्याच्यापाशी तो आंधळा असतो. हे पटतं. तरी तेव्हाच्या माझ्या रागातला अर्धा भाग मला अजून बरोबरच वाटतो: आमच्यासारख्या छोट्या कंपनीतल्या इंजिनियरला कोड लिहिता येतो, वकिलांना हलवता येत नाही, आणि नियम या दोन्ही कामांना एकाच मापाने मोजतो. यावर तोडगा काय, मला सुचलेला नाही. नियम सैल करा असंही म्हणवत नाही.

बॅकएंड आजही झाडाबाहेरच, म्हणजे एलएलव्हीएमच्या मूळ कोडबाहेरच, आहे. एलएलव्हीएमची वर्षाला दोन मोठी रिलीज येतात, आणि प्रत्येक रीबेसला (आमचा कोड नव्या आवृत्तीवर बसवताना) आमच्यातला कुणीतरी कामाला जुंपला जातो. ओपेक पॉइंटर्स (कशाकडे बोट आहे त्याचा प्रकार न सांगणारे) एलएलव्हीएम 15 मध्ये डिफॉल्ट झाले, 17 मध्ये जुने, प्रकार सांगणारे टाइप्ड पॉइंटर्स गेलेच. तेव्हा झाडात असलेल्या टार्गेटांच्या टेस्ट बाकीच्यांबरोबर बदलल्या गेल्या, आमच्या आम्हीच बदलत बसलो. मॅनेजर विचारतात, ‘हे दर वेळी का करावं लागतं?’ त्यांना मी ती पीडीएफ फॉरवर्ड करतो.

नवी चिप रिस्क-फाइव्हवर आहे, त्यात आमच्या स्वतःच्या चार जादा इन्स्ट्रक्शन. त्यांचं स्पेसिफिकेशन खुलं करायचं का, हे लीगलकडे पडून आहे.