गच्चीवरची परात

बडोद्याच्या मराठी घरांत मे महिन्यात एक आठवडा असा येतो, की घराचं घड्याळ गच्चीवर जातं. टाकीची सावली सरकली की परात वर, दिवे लागायच्या आत खाली. मधल्या वेळात कुणी झोपायचं, कुणी बाजार करायचा, पाहुण्यांना कोणत्या दिवशी बोलवायचं, हे सगळं ती परातच ठरवते. परातीत छुंदा असतो.

साखरांबा आपला, छुंदा शेजारचा, म्हणजे गुजराती. पिलाजीराव गायकवाडांच्या मागोमाग अठराव्या शतकापासून मराठी घरं इकडे येत राहिली, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या फडताळांत कधीतरी दोन्ही बरण्या शेजारी बसल्या. जिन्नस तेच, कैरीचा किस आणि साखर. फरक आचेचा. साखरांबा गॅसवर तासाभरात उरकतो, छुंद्याला आठवडा लागतो. गॅसवर आटवून वर तिखट-जिरं पेरलं आणि त्याला छुंदा म्हटलं, तरी तो तिखट साखरांबाच. खायला वाईट नसतो. पण किस शिजून गळतो आणि पाक तपकिरी पडतो. उन्हात मुरलेल्या किसाची काडी न् काडी काचेसारखी होते, दाताखाली किंचित करकरते. हे गॅसवर जमत नाही.

कैरी राजापुरीच हवी. मोठी, घट्ट, रेषा कमी, कोय लहान. खंडेराव मार्केट, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात १९०६ साली बांधलेली ती देखणी इमारत, तिथे मे महिन्यात हिचे ढीग लागतात. लोणच्यासाठी घेतली तर कैऱ्या जागच्या जागी फोडूनही मिळतात. छुंद्याला मात्र अख्खी घरी आणायची. घेण्याआधी एक कापून दाखवायला सांगावं. विक्रेता कुरकुरतो, कुरकुरू द्यावा. आतला गर पांढरट-हिरवा असेल तर घ्यावी. पिवळी झाक आली असेल तर ती कैरी पिकायला निघालेली आहे, तिचा किस होत नाही, लगदा होतो. वाऱ्याने पडलेली स्वस्त कैरी तर नकोच. मार लागलेल्या जागी ती आतून काळी पडते, आणि तेवढा एक काळा घास सगळ्या परातीला पुरतो. दोन किलो कैऱ्यांचा साल-कोय जाऊन सव्वा किलोच्या आसपास किस मिळतो.

आता मापाचा वाद. प्रत्येक घराकडे 'वाटीला वाटी' असं एक माप वारशाने आलेलं असतं, आणि ती वाटी कोणती हे सांगणारं माणूस आता नसतं. शिवाय किस सैल भरला तर वाटीत कमी मावतो, दाबला तर जास्त; साखर मात्र दाबली तरी तेवढीच. म्हणून थोरल्या जाऊबाईंचा छुंदा मिठ्ठ आणि धाकटीचा आंबूस, दोघी एकाच कागदावरून करत असल्या तरी. यात सासर-माहेर आणू नये, वजनकाटा आणावा. एक किलो किसाला दीड किलो साखर. कैरी कमी आंबट असेल तर सव्वा किलो चालते, त्याच्या खाली जाऊ नये. मीठ दीड मोठा चमचा, हळद अर्धा लहान चमचा.

किस काढायचं काम एकटीने करू नये. पाच किलो कैऱ्या म्हणजे मनगटाचं काम. नणंद, सून, शाळेला सुट्टी लागलेली पोरं, सगळ्यांना किसणीवर बसवावं. किस लांब निघावा म्हणून कैरी किसणीवर आडवी धरून एकाच दिशेने ओढायची. वर-खाली घासली की चुरा होतो. किसाला मीठ-हळद चोळून अर्धा तास ठेवला की पाणी सुटतं. हे पाणी पिळून टाकायचं की ठेवायचं, यावर घराघरांत दोन पक्ष असतात. पिळला तर छुंदा दोन दिवस आधी होतो, पण कैरीचा आंबटपणा मोरीत जातो. ठेवावं. आंबटपणाला चवीपलीकडेही काम आहे: आम्लाने साखरेचा काही भाग फुटतो, आणि अशी फुटलेली साखर पुढे पाकाचे खडे होऊ देत नाही. मग साखर मिसळून पातेलं झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळपर्यंत साखर बहुतेक विरघळलेली असते.

परात स्टीलची. ॲल्युमिनियमला कैरीचं आम्ल खातं आणि पाकाला धातूची चव येते. थर दोन बोटांपेक्षा जाड नको. तोंडाला मलमलचा दादरा ताणून बांधायचा, असा की मध्ये झोळ पडून पाकात बुडणार नाही. बुडला की कापड पाक वर ओढतं आणि मुंग्यांना आमंत्रण जातं. परात पाणी भरलेल्या ताटात विटेवर ठेवली म्हणजे मुंग्यांचा प्रश्न मिटतो. रोज संध्याकाळी कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून हलवायचं. खाली आणल्यावर लगेच घट्ट झाकण घालू नये. परात गरम असते, वाफ झाकणाला लागते आणि तेच पाणी परत छुंद्यात ठिबकतं. दिवसभर उन्हाने काढलेलं पाणी रात्री आपणच परत घालायचं, असा तो प्रकार.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. बाहेर बेचाळीस अंश आणि परातीत नुसतं पातळ पिवळं पाणी. या दिवसांत स्वयंपाकघर कोयींवर चालतं. गर चिकटलेले बाठे आमटीत जातात. मात्र तुरीची डाळ पूर्ण शिजल्यावर, आधी घातले तर आंबटाने डाळ शिजतच नाही, दाणे टणटणीत राहतात. वर मेथीची फोडणी, गुळाचा खडा. बाजूला काढलेल्या किसाचा तक्कू होतो. एक दिवस आंबेडाळ, हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरड वाटलेली. कैरी त्यात पानं वाढतानाच मिसळावी, नाहीतर डाळ पाण्यात पोहते. चौथ्या दिवशी घरातले पुरुष बाहेर सेव-उसळ खाऊन येतात. त्यांना दोष देता येत नाही.

याच सुमारास ढग येतात. म्हणून रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी, परात चढवलेली बरी. जूनमध्ये हवेतच ओल असते. एक दिवस आभाळ असेल तर परात घरात पंख्याखाली ठेवावी. दोन दिवस राहिलं तर मंद गॅसवर पाच मिनिटं गरम करून घ्यावी, अभिमान बाजूला ठेवून. पाकात बारीक बुडबुडे आणि दारूसारखा वास आला, तर आंबायला सुरुवात झाली. त्याच दिवशी कळलं तर उकळून पाक दाट करता येतो, पण मग तो साखरांबाच झाला म्हणायचा. बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं ठेवू नये, सगळं टाकावं.

सगळ्यात जास्त छुंदे मात्र बिघडतात ते शेवटच्या दिवशी, घाईने नव्हे तर जास्त काळजीने. दुपारी वर जाऊन बघितलं की पाक पातळच दिसतो, कारण तो तापलेला असतो. म्हणून अजून एक दिवस, अजून एक दिवस असं करत परात उन्हात राहते आणि बरणीत भरल्यावर महिन्याभराने खडीसाखर होते. तार कधीही गार झाल्यावर, रात्री बघावी. अंगठा आणि तर्जनीत थेंब घेऊन बोटं हळूच लांब केली की एक तार निघून तुटली पाहिजे. तार समजत नसेल त्यांनी किस-साखर मिसळल्यावर वजन लिहून ठेवावं: अडीच किलोचं सव्वादोन झालं की थांबावं. तेव्हा साखर सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचलेली असते, आणि बुरशीला हात मारायला पाणी उरत नाही. खडे झालेच, तर दोन चमचे पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून बरणी गरम पाण्यात उभी करावी.

तिखट आणि भाजलेलं जिरं उन्हातून उतरवल्यावरच. मिरचीचा रंग उन्हात विटतो. पहिल्या दिवशी घातलेलं तिखट सहाव्या दिवशी विटकरी दिसतं. किलोभर किसाला रेशमपट्टीचं तिखट दोन मोठे चमचे, जिऱ्याची भरड एक. मुलांसाठी एक बरणी बिनतिखटाची आधी काढून ठेवावी, तिच्यात दोन-चार लवंगा.

मग वाटणी. एक बरणी पुण्याच्या लेकीची, एक विहीणबाईंची (त्या गुजराती असतील तर परीक्षा खरी), एक शेजारच्या बेनची, जिने पहिल्यांदा तार बघायला शिकवलं. परदेशी जाणारी बरणी प्लास्टिकची, तोंडाशी अर्धा इंच जागा सोडून, दोन पिशव्यांत आणि मोठ्या बॅगेत. हातातल्या सामानात छुंदा नेऊ देत नाहीत आणि तपासणीच्या टेबलाशी हुज्जत घालून उपयोग नसतो.

राहते ती रिकामी परात. कडेला पाक, तिखट आणि चार-दोन काड्या चिकटलेल्या असतात. तिच्यात गरम पोळी पुसून खायचा मान, आठवडाभर जिने जिने चढून परात उचलली, तिचा.