रिकाम्या ट्यूबमधला पीक

तीन दिवस मी मशीनलाच, म्हणजे रक्तातली द्रव्यं मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला, शिव्या घालत होते. टीएचसी म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य. त्याचा लो क्यूसी, म्हणजे एका मिलिलिटर रक्तात मुद्दाम 1 नॅनोग्रॅम घालून केलेला पडताळणीचा नमुना, रोज 0.6 च्या आसपास यायचा. वरचे दोन क्यूसी मात्र ठणठणीत. नमुना मशीनमध्ये शिरतो तो सोर्स साफ केला, द्रव्यं वेगळी करणारा कॉलम बदलला, त्यातून वाहणारी मोबाइल फेज नव्याने केली. आकडा हलेना.

चौथ्या दिवशी जे केलं ते निव्वळ वैतागून. लो क्यूसी करायला रक्तात घालतो ते टीएचसीचं वर्किंग सोल्युशन संपलं होतं. ती रिकामी प्लास्टिकची ट्यूब फेकण्याआधी तिच्यात थोडं मेथेनॉल घातलं, व्होर्टेक्सवर घुसळलं आणि मशीनमध्ये इंजेक्ट करून पाहिलं. आलेखावर टीएचसीच्या बरोब्बर वेळेवर सणसणीत पीक, म्हणजे सुळका! हरवलेला माल ट्यूबच्या भिंतीला चिकटून बसला होता.

बाकीची सोल्युशन्स मेथेनॉलमध्ये होती. हे एकच कोणीतरी पाण्यात डायल्यूट केलं होतं. (कोणीतरी म्हणजे मीच. रक्तात मेथेनॉल कमी जावं म्हणून.) टीएचसी स्वभावाने तेलकट. रक्तात त्याला प्रथिनं धरून ठेवतात. नुसत्या पाण्यात धरायला कोणी नाही, मग ते प्लास्टिक पकडतं. इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात ठरावीक घालतो ते ड्यूटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) टीएचसी, मेथेनॉलमध्ये असल्यामुळे शाबूत राहिलं आणि दोघांचं गुणोत्तर घसरलं. ते रक्तात पडल्यानंतर जे वाया जातं ते दोघांचं सारखंच जातं. त्याआधी गेलेल्याचा हिशेब त्याच्याकडे नसतो.

क्यूसीत घडलं म्हणून निदान दिसलं. कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे ज्यांच्यावरून मोजायची पट्टी ठरते त्या नमुन्यांत, हेच झालं असतं, तर कोणाच्या तरी रक्तातला आकडा खऱ्यापेक्षा जास्त छापून गेला असता.

आता सगळी सोल्युशन्स मेथेनॉलमध्ये आणि काचेत. रक्त मोजून घेतलं की इतर काहीही करण्याआधी इंटर्नल स्टँडर्ड. रक्तातून टीएचसी वेगळं काढल्यावर (एक्स्ट्रॅक्शन) ते ज्यात ठेवतो ते छोटे इन्सर्टसुद्धा काचेचे. खर्च थोडा वाढला, कुरकुर झाली.

आता रन, म्हणजे एका नमुन्याला कॉलममधून जायला दिलेला वेळ, छोटा करा म्हणून मागे लागलेत. मी नाही म्हटलं. सीबीडी (गांजाच्याच झाडातलं, पण नशा न आणणारं द्रव्य) आणि टीएचसी यांचं वस्तुमान एकच, आणि मशीनमध्ये 315 च्या आयनपासून 193 चा तुकडा दोघंही देतात. मास स्पेक्ट्रोमीटरला त्यांच्यातला फरक कळत नाही, वेगळं करायचं ते कॉलमनेच. दोन्ही पीक एकमेकांत घुसले, तर नुसतं सीबीडी तेल घेतलेल्या माणसाच्या रिपोर्टवर टीएचसी लिहिलं जाईल.